विंडोज 11 टाकल्यावर मशीन बंदच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. मग नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ऑफिसं, कॉलेज रोडवरच्या सीए कचेऱ्या, लासलगावच्या कांदा व्यापाऱ्यांच्या पेढ्या, सगळीकडे जुनी मशिनं विंडोज 11 वर चढवणं सुरू झालं. त्यानंतरची एक ठरलेली तक्रार म्हणजे संध्याकाळी शटडाउन दिलं तरी मशीन बंद होत नाही. त्यावर ठरलेला सल्लाही मिळतो, "फॉरमॅट मारून घ्या." या तक्रारीत फॉरमॅटची गरज क्वचितच लागते.

खरी गफलत होते ती "बंद होत नाही" एवढंच सांगून थांबण्यात. यात तीन वेगळे आजार येतात. एकात "शटिंग डाउन" लिहिलेला पडदा तसाच राहतो आणि गोल फिरत बसतो. दुसऱ्यात पडदा काळा होतो, पण पंखा आणि पॉवरचा दिवा चालूच असतो. तिसऱ्यात मशीन नीट बंद होतं आणि काही सेकंदांत किंवा मध्यरात्री आपोआप चालू होतं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे आधी आपला आजार कोणता ते बघा. मशीन बंद केल्यावरही माउसचा दिवा जळत राहतो, हा मात्र यातला कुठलाच आजार नाही. मदरबोर्ड (मशीनमधला मुख्य बोर्ड) यूएसबीला 5 व्होल्ट देत राहतो म्हणून तो जळतो. नको असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) ईआरपी ही वीज वाचवणारी सेटिंग चालू करा.

काहीही उघडण्याआधी एक चाचणी करा. शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा. असं केल्यावर मशीन व्यवस्थित बंद झालं, तर दोष जवळपास नक्की फास्ट स्टार्टअपचा. हे चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही. प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) यांची स्थिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर, लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच उचलली जाते. अपग्रेडनंतर एखादा जुना ड्रायव्हर अशा अर्ध्या झोपेत जायला नकार देतो आणि सगळं तिथेच अडतं. रीस्टार्ट मात्र पूर्ण होतो, कारण त्यात ही युक्ती वापरली जात नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखालचा "अप टाइम" रोज बंद करूनही बारा-पंधरा दिवस दाखवतो, तोही याच कारणाने.

फास्ट स्टार्टअप बंद करायचा रस्ता असा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", वर "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल", आणि खाली "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" समोरची खूण काढून सेव्ह. एसएसडी असलेल्या मशीनवर सुरू होण्याच्या वेळेत फार फरक पडत नाही. ऑफिसच्या मशीनवर ते बंदच ठेवलेलं बरं, असं आमचं मत.

पहिला आजार. पडदा अडकला की लोक लगेच पॉवरचं बटण दाबून धरतात. अपग्रेडनंतरचे पहिले एक-दोन शटडाउन लांबू शकतात, कारण मागे अपडेट बसत असतात. साधी हार्ड डिस्क असेल आणि तिचा दिवा लुकलुकत असेल, तर तासभर हात लावू नका. दिवा पूर्ण शांत असेल आणि तासानंतरही काही हललं नाही, तर मग बटण. तेही एखाद वेळी. रोजची सवय लागली की टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा कधीतरी बिघडणारच. त्यात टॅली अनेक मशिनांवर उघडं असेल, तर आधी सगळीकडून टॅलीत उघडलेली कंपनी बंद करा. डेटा ज्या मशीनवर आहे ते सर्वांत शेवटी बंद व्हायला हवं.

अडकण्याचं कारण बहुधा बाहेरून आलेलं असतं. जीएसटी किंवा ई-टेंडरसाठीचं डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र: कीबोर्ड-माउस सोडून सगळं यूएसबीतून काढा आणि शटडाउन देऊन बघा. फरक पडला तर एकेक परत लावा, दोषी सापडतो. नाही पडला तर विंडोजमधलं "एमएसकॉन्फिग" उघडा, सर्व्हिसेसमध्ये (मागे आपोआप चालणाऱ्या सेवांच्या यादीत) "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" वर आधी खूण करा आणि उरलेल्या बंद करा. ही पहिली खूण विसरली तर विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद होतील आणि भलताच घोळ होईल. आता मशीन नीट बंद होत असेल तर निम्म्या सेवा चालू करून बघा, मग त्यातल्या निम्म्या. जुन्या अँटिव्हायरसचे उरलेले तुकडे इथे वारंवार सापडतात. ते काढायला त्या कंपनीचंच रिमूव्हल टूल वापरा, साधं अनइन्स्टॉल पुरत नाही.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) सेवा बंद होण्याची मुदत कमी करा, असा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास दिला जातो. ती मुदत मुळात 5000 मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंद आहे. ती आणखी कापली की एसक्यूएलसारख्या डेटाबेसला लिहायचं राहिलेलं लिहून घ्यायला वेळ मिळत नाही. मशीन पटकन बंद होतं खरं, पण दुसऱ्या दिवशी बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही.

दुसरा आजार, काळा पडदा आणि चालू पंखा. इथे विंडोजचं काम संपलेलं असतं, फक्त वीज तोडायचा निरोप बोर्डापर्यंत पोहोचत नाही. संशय चिपसेट (बोर्डावरच्या नियंत्रक चिप), बायोस आणि इंटेल मॅनेजमेंट इंजिन (इंटेलच्या बोर्डावरचा वेगळा छोटा नियंत्रक) यांच्या ड्रायव्हरवर घ्यायचा. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा अनेक लॅपटॉपवर नेमकं हेच झालं होतं. मॅनेजमेंट इंजिनच्या ड्रायव्हरची 11 वी आवृत्ती बसली की पंखा थांबेना, आणि 9 किंवा 10 वी परत टाकली की प्रश्न मिटे. आजही रस्ता तोच. आपल्या नेमक्या मॉडेलसाठी निर्मात्याच्या साइटवर दिलेला चिपसेटचा आणि मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर टाका. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणारी सॉफ्टवेअर यासाठी वापरू नका. टीपीएमची (विंडोज 11 ला लागणाऱ्या सुरक्षा चिपची) तपासणी चुकवून इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज 11 बसवलं असेल, तर निर्मात्याकडे विंडोज 11 चा ड्रायव्हर बहुधा नसतोच. तिथे विंडोज 10 चा टाकून बघावा.

बायोस अपडेट करायची वेळ आली तर डेस्कटॉप यूपीएसवर हवा, लॅपटॉप चार्जरवर. मे महिन्यात वळवाचे ढग दाटले असतील तर त्या संध्याकाळी हे काम काढूच नका. मध्येच लाईट गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. आणि बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची एन्क्रिप्शन सोय) थांबवून, त्याची 48 अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवून मगच अपडेट सुरू करा. ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालाय हेच अनेकांना ठाऊक नसतं.

तिसऱ्या आजाराची चाचणी सोपी आहे. लॅनची (नेटवर्कची) वायर काढा आणि शटडाउन द्या. मशीन बंदच राहिलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर" ही खूण काढा, आणि कार्ड रिअलटेक कंपनीचं असेल तर अ‍ॅडव्हान्स्डमधलं "शटडाउन वेक-ऑन-लॅन" डिसेबल करा. वायर काढूनही उठत असेल, तर ते बंद होताना क्रॅश होत असावं. सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या "स्टार्टअप अँड रिकव्हरी" मध्ये "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" काढून टाका, म्हणजे निळा पडदा थांबेल आणि त्यावरचा कोड वाचता येईल. लाईट येते तेव्हाच मशीन चालू होत असेल, तर मात्र विंडोजचा काही दोष नाही. बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं ते "पॉवर ऑन" वर असेल, ते "पॉवर ऑफ" करा.

कधी दोष खुद्द अपडेटचाच निघतो. "अपडेट अँड शटडाउन" दिल्यावर बंद होण्याऐवजी रीस्टार्ट होण्याची खोड ऑक्टोबर 2025 च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून दुरुस्त झाली. जानेवारी 2026 च्या सुरक्षा अपडेटनंतर विंडोज 11 च्या 23एच2 आवृत्तीची, सिक्युअर लाँच (सुरू होतानाचं एक सुरक्षा फीचर) चालू असलेली काही मशिनं बंदच होईनात, तेव्हा त्याच महिन्यात तातडीचं दुरुस्ती अपडेट काढावं लागलं. म्हणून वरचं काहीही करण्याआधी बाकी राहिलेली अपडेट पूर्ण बसवून घ्या.

जागा मोकळी करायची घाईही नडते. डिस्क क्लीनअपमधून "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स" पुसलं की मागे फिरण्याचा रस्ता संपतो. ते राहू दिलं तर अपग्रेडपासून 10 दिवस सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी, "गो बॅक" इथून जुनं विंडोज परत मिळतं, फाइल्ससकट. तरी बॅकअप आधी घ्या.

एवढं करूनही जमलं नाही, तर एखाद्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन सुरू करा, काही इन्स्टॉल न करता शटडाउन द्या. तिथेही पंखा फिरतच राहिला तर बोर्ड, पॉवर सप्लाय किंवा बायोस बघणारा माणूस शोधा. त्या मशीनवर विंडोज फॉरमॅट करायचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका.