सेव्हन आयर्न ‘दीडशे’ जातं? या चुका टाळा

गोल्फच्या क्लबहाउसमध्ये कुणालाही विचारा, “तुमचं सेव्हन आयर्न किती जातं?” म्हणजे सात नंबरच्या आयर्न क्लबनं (लोखंडी डोक्याच्या काठीनं) मारलेला बॉल किती यार्ड जातो? विचार न करता उत्तर येतं, “दीडशे.” हीच मंडळी दीडशे यार्डांच्या पार-थ्रीवर (तीन फटक्यांच्या होलवर) उभी राहिली की चारपैकी तिघांचे बॉल ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) अलीकडच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. मीही बरीच वर्षं त्या तिघांतलाच होतो. बॅग वाहणारा कॅडी म्हणायचा, “साहेब, सहा घ्या,” (नंबर लहान तितका बॉल लांब) आणि मला तो अपमान वाटायचा. बॉल खरोखर कुठे पडतो हे तो रोज बघत होता. मला मात्र वर्षभरापूर्वीचा एक झकास फटका तेवढा आठवायचा.

सगळ्यात चांगला फटका म्हणजे आपला आकडा नव्हे

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. समजा, सेव्हनने दहा बॉल मारले. एक टॉप झाला (क्लब बॉलच्या माथ्याला लागला), एक फॅट (क्लब आधी जमिनीत गेला). उरलेले आठ पडले १५२, १३८, १४१, १४४, १३६, १४०, १२९ आणि १४३ यार्डांवर. घरी जाताना डोक्यात १५२ असतो, पण आठांची सरासरी येते जेमतेम १४०. तुमचा आकडा तोच. टॉप आणि फॅट सोडून द्या, ते अंतर नाही, अपघात आहेत. पण १२९ वाला सोडू नका. तो पुन्हा येणारच आहे, म्हणून सरासरीशेजारी सगळ्यात आखूड फटकाही लिहून ठेवा. समोर पाणी असेल तर हाच दुसरा आकडा बघायचा.

१४० म्हटल्यावर कुणाला कमीपणा वाटत असेल तर एक तुलना सांगतो. ट्रॅकमॅन या बॉलचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्राच्या आकडेवारीत पीजीए टूरवरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक पुरुषांच्या मालिकेतल्या) खेळाडूंचं सेव्हन आयर्न हवेत सरासरी १७० ते १७५ यार्ड जातं, एलपीजीएच्या व्यावसायिक महिलांचं १४० च्या आसपास. शनिवार-रविवार खेळणाऱ्यानं लाजावं असं त्यात काही नाही.

कॅरी आणि रोल यांची खिचडी

कॅरी म्हणजे बॉल हवेत किती गेला, आणि टोटल म्हणजे घरंगळून शेवटी कुठे थांबला. आयर्नसाठी कॅरीच धरा, कारण बंकर आणि तळं हवेतूनच ओलांडायचं असतं.

आपल्याकडे ही चूक ऋतू बदलला की उघडी पडते. एप्रिल-मेमध्ये फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) दगडासारखा होतो, १३० वर पडलेला बॉल उड्या मारत १४५ पर्यंत जातो आणि आपण खूश. जुलैत तोच बॉल पडल्या जागी रुततो. मग मुंबईकर म्हणतात, “हवा दमट आहे, जड आहे, बॉल जात नाही.” खरं तर उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवेचा अडथळा किंचित कमीच असतो. कमी झाला तो रोल, म्हणजे बॉलचं घरंगळणं. भिजलेला बॉल आणि ओली ग्रिप यांचाही थोडा वाटा असतो.

ओल्या गवतातून मारताना एक उलटा प्रकारही होतो. क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा सपाट भाग) आणि बॉल यांच्यामध्ये पाणी आणि गवताचं पातं आलं की स्पिन, म्हणजे बॉलची गिरकी, कमी होतो, आणि बॉल अचानक दहा-पंधरा यार्ड जास्त जाऊन ग्रीनवर थांबतच नाही. असा फटका वहीत लिहू नका.

रेंजवरचा आकडा जसाच्या तसा कोर्सवर

रेंजचे (सरावाच्या मैदानावरचे) बॉल झिजलेले असतात, काही तर मुद्दाम कमी उडणारेच बनवलेले. बॉल ठेवायची कृत्रिम गवताची मॅट त्याहून फसवी. क्लब बॉलच्या दोन इंच मागे आपटला तरी मॅटवरून सरकून बॉलला लागतो आणि फटका बरा दिसतो. गवतावर तोच फटका साठ यार्डांत संपतो. शिवाय अंतर दाखवणारी ‘१५०’ची पाटी नेमकी कुठून मोजली आहे? मॅट मागे-पुढे हलतात, पाटी हलत नाही. रेंजफाइंडर (अंतर मोजायची दुर्बीण) असेल तर पाटी स्वतः मोजून बघा. त्याहून उत्तम म्हणजे संध्याकाळी कोर्स रिकामा असताना, परवानगी घेऊन, स्वतःच्या नेहमीच्या बॉलने मोजा.

क्लबवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास

जुन्या सेटमधल्या सातचा लॉफ्ट (क्लबफेसचा कल, तो कमी तितका बॉल लांब) ३४-३५ अंश असायचा. आजच्या बऱ्याच सेटमध्ये तो २८ ते ३० असतो, म्हणजे जुन्या सहाच्याही पुढे. नवा सेट घेतल्यावर “पंधरा यार्ड वाढले” म्हणणाऱ्याचा स्विंग तोच असतो, फक्त सहा नंबरवर सात कोरलेलं असतं. यातून एक खड्डाही पडतो. नव्या सेटचा पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब) ४४ अंशांचा आणि बॅगेत जुना ५६ चा सँड वेज असेल, तर मधले पंचवीसेक यार्ड कुणाचेच नसतात. ५० अंशांचा एक वेज घेतला की काम भागतं.

कुठपर्यंतचं अंतर, आणि कशात?

रेंजफाइंडर चुकून मीटरवर गेला तर १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, एका क्लबाहून जास्त फरक. अनेक कोर्सवर अंतराच्या खुणा ग्रीनच्या मध्यापर्यंतच्या असतात. ग्रीन पुढून मागे तीस यार्ड आणि झेंडा मागे असेल तर दहा-बारा यार्ड वाढवा. स्पर्धेत स्लोप मोड मात्र बंद ठेवा, चढ-उतार मोजायला नियमात परवानगी नाही.

उंचीचं गणितही लक्षात ठेवा. मुंबईहून पुण्याला आलात तर दीडशे यार्डांत तीनेक यार्डांचा फरक, विसरलात तरी चालेल. पण गुलमर्गला, साडेआठ हजार फुटांवर, बॉल साधारण दहा टक्के लांब जातो.

चार आणि पाच एकाच ठिकाणी पडतात?

वही भरल्यावर हे बऱ्याच जणांना दिसतं. सेव्हन १४०, सिक्स १५०, फाइव्ह १५७, फोरही १५७. स्विंगचा वेग कमी असेल तर कमी लॉफ्टचा क्लब बॉल पुरेसा उंच नेतच नाही. जास्त जोर लावून हे सुटत नाही, हायब्रिडने (बॉल सहज उंच नेणाऱ्या, जाड डोक्याच्या क्लबनं) सुटतं. बॅगेत क्लब चौदाच ठेवता येतात, त्यातले दोन एकाच अंतरासाठी कशाला? माझं फोर आयर्न आता घरी कपाटामागे उभं आहे, जळमटं काढायच्या कामाचं.