बदल केलेला, अर्धा चालणारा अ‍ॅम्प्लिफायर विकायचा असेल तर

‘एका बाजूने आवाज येत नाही, बाकी एकदम टकाटक.’ अशी जाहिरात दिसली की मी ती सोडून देतो. बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर मी घेतो, दुरुस्त करतो, काही आहे तसेच विकतोही. या वाक्यावरून घेणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर तो गाणी ऐकायला नेत नाहीये, उघडायला नेतोय. त्याच्यासाठी लिहा.

सध्या टेबलावर असलेल्या सेटची माझी नोंद अशी: डावा चॅनल स्वच्छ वाजतो, आउटपुटला डीसी (एकाच दिशेचा, आवाजात नको असलेला व्होल्टेज) १२ मिलिव्होल्ट. उजव्याचे फ्यूज काढले तर रिले (सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणारा आतला स्विच) लागतो, बसवले की लागतच नाही. सिरीज बल्बवर (तो कसा लावायचा ते खाली) मोजलं तर उजव्याला रिलेच्या अलीकडे २० व्होल्टच्या वर डीसी. बस, एवढंच. ‘बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारा) गेलाय’ हा माझा अंदाज, म्हणून तो वेगळ्या ओळीत, अंदाज म्हणूनच लिहायचा. मोजलेलं आणि वाटलेलं एकत्र कालवलं की सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. स्पीकर जोडू नका. बिघडलेल्या चॅनलचा डीसी स्पीकरची कॉइल जाळतो. मेन्सच्या फेजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी चालणार नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा. चांगल्या चॅनलचा डीसी साधारण ५० मिलिव्होल्टच्या आत असतो. आत हात घालण्याआधी प्लग काढा आणि मोठ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये (पॉवर सप्लायची वीज साठवणारे डबे) उरलेला चार्ज १ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. मग मीटरने शून्य आल्याची खात्री करा. मेन्सचं काम कधी केलं नसेल तर झाकण उघडूच नका, ‘आतून तपासलेला नाही’ असं लिहून टाका. तेही प्रामाणिक वर्णनच आहे.

आता बदलांबद्दल. माझ्या मते बिघाडापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. बिघाड दुरुस्त करणारा शोधतोच, पण तो शोधतो सर्किट डायग्राम समोर ठेवून. या सेटमध्ये टोन कंट्रोल बायपास केलेला, म्हणजे सिग्नलच्या वाटेतून वगळलेला आहे, व्हॉल्यूमपासून थेट पॉवर अ‍ॅम्पपर्यंत शील्डेड वायर टाकलीय. डायग्रामप्रमाणे सिग्नल शोधणाऱ्याचा सगळा दिवस टोन कंट्रोलच्या त्या मेलेल्या बोर्डावर जाईल. फिल्टर कपॅसिटर मुळात ६,८०० मायक्रोफॅरॅडचे, आता १०,०००चे आहेत. म्हणजे चालू करताना करंटचा झटका मोठा, म्हणून मेन फ्यूज किती अँपियरचा बसवलाय तेही सांगायला हवं. कुणी फ्यूजच्या जागी तार घातली असेल तर ते सगळ्यात वर लिहा. आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेले असतील तर त्यांच्यावरचा नंबर लिहा. २एससी ५२०० आणि २एसए १९४३ या जोडीचा नकली माल भरपूर फिरतो, त्यामुळे घेणाऱ्याला नंबर आणि छपाई दोन्ही पाहायची असते. कोणता बदल तुमचा आणि कोणता आधीच्या मालकाचा, हेही वेगळं सांगा.

फोटोत चकचकीत पुढची बाजू एकदाच पुरे. बोर्डाची सोल्डरची बाजू, ट्रान्झिस्टरवरचे नंबर, ट्रान्सफॉर्मरचं लेबल, मागची व्होल्टेजची पट्टी आणि एमिटर रेझिस्टरखाली (आउटपुट ट्रान्झिस्टरजवळचे, तापणारे) काळवंडलेला बोर्ड, हे जवळून काढा. काळा डाग लपवू नका. जाणता माणूस आधी तोच शोधतो.

किंमत ठरवताना चालू सेटच्या भावातून थोडं वजा करू नका, उलट खालून वर या: ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कॅबिनेट, नॉब आणि एक चांगला चॅनल, यांचे सुटे किती येतील? बदलांवर घातलेले पैसे त्यात धरू नका, ते परत येत नाहीत. काढलेले मूळ भाग मात्र जपून ठेवले असतील तर पिशवीत घालून सोबत द्या, त्याने खरंच भाव वाढतो. आणि ‘सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी, आहे त्या स्थितीत’ हे शीर्षकातच येऊ द्या, वर्णनाच्या तळाशी नको.

पाठवायचा असेल तर ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट घट्ट आहे ना ते बघा. सुटला तर आतले बोर्ड फोडतो. नॉब उपसून वेगळे गुंडाळा, नाहीतर धक्का थेट व्हॉल्यूमच्या दांड्याला बसतो. खोक्यात खोकं, मध्ये चारी बाजूंनी गच्च भरण, आणि जड बाजू कोणती ते बाहेरून ठळक लिहा.