बोटीची वायरिंग: बॅटरीला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

किल्ली फिरवली की 'टक' असा एकच आवाज येतो, डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात आणि इंजिन ढिम्म हलत नाही. बहुतेक जण तिथेच ठरवून टाकतात की बॅटरी गेली. नवी आणतात. ती बसवताना टर्मिनल आपसूक घासली जातात, नट घट्ट होतात, इंजिन सुरू होतं आणि दोष बॅटरीचाच होता हे पक्कं होऊन बसतं. चार महिन्यांनी पुन्हा तोच 'टक'. मीही असा एकदा फसलोय.

म्हणून पाकिटाआधी मल्टिमीटर काढा. लेड-ॲसिड बॅटरी काही तास नुसती पडून असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. पण हा आकडा तिच्या निवांतपणाचा. खरी परीक्षा लोड पडल्यावर होते. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचा. भरलेली बॅटरी तेव्हा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर संशय बॅटरीवर. बॅटरीवर ११ आणि स्टार्टरवर ८ दिसत असतील, तर तीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय. प्रोब टेकवायचा तो बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, त्यावर आवळलेल्या लगवर (केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडावर) नाही, कारण चोर बऱ्याचदा त्या दोघांमधल्या करड्या थरातच लपलेला असतो. आणि काळी केबल विसरू नका. लाल वायर सगळे तपासतात. निगेटिव्ह जिथे इंजिन ब्लॉकला बोल्टने जोडलीय, तिथला गंज मात्र वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

हा गंज बराचसा आपणच ओढवून घेतो. घरात किंवा गाडीत चालते ती साधी तांब्याची वायर बोटीत आणली की दमट, खारी हवा इन्सुलेशनच्या आतून वर चढत जाते. टोकापासून वीतभर सोलून बघा, तार काळी पडलेली दिसेल. बोटीला कथलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची वायर लागते. पीळ देऊन वर टेप गुंडाळणं हा तर जोडच नव्हे; उन्हाने टेपचा गोंद पातळ होतो आणि पाणी आत शिरतं. नुसतं सोल्डरही नको. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. नीट क्रिम्प केलेला, म्हणजे दाबून बसवलेला लग, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी, एवढं पुरतं.

फ्यूज उडाला की १० ॲम्पिअरच्या जागी २० चा घालणारे लोक मला खरंच घाबरवतात. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. मोठा घातलात तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. तो बॅटरीच्या जवळच हवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं मानक साधारण ७ इंचांचं अंतर सांगतं, स्टार्टरची केबल तेवढी वगळून. मधल्या वायरला कुठे घासून शॉर्ट झाला, तर पलीकडे पॅनेलमध्ये बसलेला फ्यूज काय करणार?

बॅटरी स्विच 'बोथ'वर (दोन्ही बॅटऱ्या एकत्र) ठेवून रात्रभर फ्रिज चालवला की सकाळी दोन्ही बॅटऱ्या बसलेल्या. इंजिन चालू असताना तोच स्विच 'ऑफ' केला तर अल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, डायोड उडू शकतात. आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) मेन स्विचच्या मागे जोडू नका. तुम्ही मेन बंद करून घरी जाता, पाऊस मात्र जात नाही. पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणाऱ्या फ्लोट स्विचची लाइन थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह हवी.

बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनला गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर लावणं ही बचत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, आणि गाडीच्या सुट्या भागांतून उडणाऱ्या ठिणग्या कोंडलेल्या नसतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्लोअर (ती वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार मिनिटं चालवा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी.

आता धक्क्यावरची वीज, म्हणजे घरातल्यासारखा एसी करंट. इथे चूक माफ नसते. आधी केबल बोटीला जोडा, मग धक्क्यावरच्या सॉकेटला, काढताना उलट. ॲनोड (स्वतः झिजून बोटीचे बाकीचे धातू वाचवणारे तुकडे) लवकर झिजतात म्हणून अर्थिंगची वायर कापणारे असतात. त्यावर उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंग न तोडता ॲनोड झिजवणारा बारीक करंट अडवणारं यंत्र) आहे, पक्कड नाही. अर्थिंग तुटलेल्या बोटीतून गळणारा करंट पाण्यात उतरतो, आणि गोड्या पाण्यात तो पोहणाऱ्याचे स्नायू जखडून त्याला बुडवू शकतो. वीजजोडणी असलेल्या धक्क्याजवळ पोहूच नये. आरसीडी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडत असेल तर त्याला बायपास करू नका. सगळ्या एसी उपकरणांचे प्लग काढा, मग एकेक लावत जा. बहुधा वॉटर हीटरचं एलिमेंटच सापडतं.