सरळ रूप द्या: मांडणी बदला, किंमत नको

सातवीत बैजिक राशींची बेरीज-वजाबाकी होते, आठवीत विस्तार सूत्रं आणि अवयव येतात. तरी नववीत गणित भाग १ सुरू करताना वहीत ५क्ष + ३ = ८क्ष सापडतंच. 'पदं सजातीय नाहीत' (म्हणजे दोन्हींत अक्षराचा भाग सारखा नाही) हे मुलांना पाठ असतं, पण त्यामुळे ८क्ष का चूक ते कळत नाही. म्हणून पहिल्या तासाला नियमांची यादी देऊ नका. एवढंच पक्कं करा: क्षच्या जागी कुठलीही संख्या ठेवली तरी मूळ राशीची आणि उत्तराची किंमत सारखीच आली पाहिजे.

लगेच पडताळा घ्यायला लावा. क्ष = ४ ठेवलं तर ५क्ष + ३ होतात २३ आणि ८क्ष होतात ३२. वाद मिटला. पण किंमत तुम्ही निवडून द्या, कारण मुलं हमखास १ घेतात, आणि क्ष = १ ला दोन्हीकडे ८ येऊन चूक बरोबर ठरते. शून्य आणि २ सुद्धा टाळा: शून्याला क्ष² आणि क्ष सारखे, दोनला क्ष² आणि २क्ष सारखे. दोन चलं असतील तर किंमती वेगवेगळ्या द्या, समजा क्ष = ३, य = ५.

'३ सफरचंदं आणि २ केळी' हे उदाहरण मात्र सोडून द्या. त्यातून अक्षर म्हणजे वस्तू असा समज होतो, आणि मग क्ष × क्ष म्हणजे काय ते सांगता येत नाही. त्याऐवजी कॅन्टीनचं बिल घ्या. व म्हणजे एका वडापावची रुपयांतली किंमत, च म्हणजे एका चहाची. एका बाकाचं बिल ३व + २च, दुसऱ्याचं ४व + च, मिळून ७व + ३च. वडापाव २० आणि चहा १५ धरला तर ९० + ९५ = १८५, आणि १४० + ४५ सुद्धा १८५. इथेच विचारा की च च्या आधी सहगुणक, म्हणजे अक्षराला गुणणारी संख्या, किती? तो न दिसणारा १ फळ्यावर लिहून दाखवा, नाहीतर पुढे ५क्ष − क्ष = ५ हे उत्तर येणारच.

पुढची अडचण चिन्हांची. पेन्सिलीने प्रत्येक पदाभोवती चौकट काढायला सांगा, आणि डावीकडचं चिन्ह चौकटीच्या आत घ्या. ही सवय लागली की 'कंचेभागुबेव'ने (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी या क्रमाच्या आद्याक्षरांनी) केलेला एक घोटाळा सुटतो. त्यात 'बे' आधी आणि 'व' नंतर असल्यामुळे काही मुलं १०क्ष − ४क्ष + ३क्ष मध्ये आधी ४ आणि ३ मिळवतात, मग १० मधून ७ वजा करून ३क्ष लिहितात. चौकटीत +१०क्ष, −४क्ष, +३क्ष असं दिसलं की उत्तर ९क्ष येतं, पदं कुठल्याही क्रमाने घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कंसाआधीच्या वजा चिन्हाला, निदान दोन तास. सुरुवात संख्यांनी करा. बिल २०० चं, त्यावर सूट ५०, हातात ५०० ची नोट: ५०० − (२०० − ५०) = ३५०. कंस काढून ५०० − २०० − ५० लिहिलं तर २५० च परत मिळतात, गिऱ्हाईक १०० रुपयांना बुडतं. सूट धरली नाही तर आपण ५० जास्त वजा करतो, म्हणून ते परत मिळवायचे. + ५० येतो तो इथून. मग ८क्ष − ३(२क्ष − ५) घ्या. −३ ही एकच संख्या समजून दोन्ही पदांना गुणायचं:

८क्ष − ६क्ष + १५ = २क्ष + १५

क्ष = ४ ला दोन्हीकडे २३. इथे आणखी एक गंमत होते: हुशार मुलंसुद्धा पुढे '= ०' जोडून क्ष काढायला बसतात. हे समीकरण नाही, काही सोडवायचं नाही, हे त्याच वेळी सांगा.

बेरीज आणि गुणाकार शेजारीशेजारी ठेवा: ३क्ष + २क्ष = ५क्ष, ३क्ष × २क्ष = ६क्ष². (क्ष + ३)² साठी क्ष + ३ बाजूचा चौरस काढून चार तुकडे करा. क्ष² + ९ लिहिणाऱ्यांना ३क्ष चे दोन आयत राहिलेले डोळ्यांनी दिसतात.

अपूर्णांकात फुली मारण्याचा मोह आवरत नाही. (क्ष + ६)/६ मधले सहा खोडून क्ष उरत नाही, कारण वरचा ६ अवयव (गुणलेला) नसून पद (मिळवलेलं) आहे. (क्ष² + ३क्ष)/क्ष मध्ये आधी वर क्ष(क्ष + ३) असे अवयव पाडा, मगच वरखालचा क्ष खोडा. उत्तर क्ष + ३, आणि शेजारी 'क्ष शून्य नसताना' हे लिहायला लावा.

घरच्या अभ्यासाला वीस गणितांऐवजी पाच द्या, त्यांतली दोन चुकीची सोडवलेली. उदाहरणार्थ:

४(क्ष + २) − (क्ष − ६)
= ४क्ष + २ − क्ष − ६
= ३क्ष − ४

क्ष = ३ ला पहिल्या ओळीची किंमत २३, शेवटचीची ५. चूक कुठल्या ओळीत ते प्रत्येक ओळीची किंमत काढून शोधायचं. इथे दुसऱ्याच ओळीत दोन चुका आहेत, आणि बहुतेकांना पहिली सापडली की ती थांबतात. बरोबर उत्तर ३क्ष + १४.