नवतप्यात आजी-आजोबांना जपताना

नवतपा म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस. नागपुरातल्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांची काळजी घेताना माझा हा अकरावा उन्हाळा. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि पंचेचाळीसचं तर कुणाला नवलही वाटत नाही. कामाला नवीन येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, "पाणी हवं का?" असं विचारायचं नाही. उतारवयात तहान लागलेली कळत नाही, उत्तर 'नको'च येतं. त्यातून पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, कुणाला तरी हाक मारावी लागणार, हा संकोच. कितीतरी जण त्या संकोचापायी कोरडे राहतात. म्हणून आधी "चला, जाऊन येऊ" म्हणायचं, परत आणून बसवायचं आणि मग अर्धा पेला हातात द्यायचा. घोट पोटात जाईपर्यंत तिथून हलायचं नाही. दिवसभरात असं दर तासाला. ताक, पन्हं, आंबील काहीही चालतं, पण मधुमेह असेल तर पन्ह्यात गूळ-साखर नको. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना पाणी किती द्यायचं, ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. लघवीच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या उन्हाळ्यात बाधू शकतात, त्यांबद्दल डॉक्टरांना एप्रिलमध्येच विचारा. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका.

कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता उबारा होतो. पाणी भरताना प्लग काढायचाच; कूलरच्या शॉकने आमच्या विदर्भात माणसं जातात. जूनमध्ये ढग भरून आले की पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालू द्या.

आमच्याकडे एक आजी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायच्या. विस्मरणाचा आजार. ओढून काढला की रडायच्या. एक दिवस मी म्हटलं, "आजी, धुवायला द्या ना," आणि त्याच क्षणी मलमलीचा ओला दुपट्टा खांद्यांवर टाकला. त्यांनी तो दोन्ही मुठींत गच्च धरला आणि शांत झाल्या. त्यांना अंगावर काहीतरी हवं होतं, एवढंच.

अंग चटका बसेल इतकं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडत राहा, पंखा जोरात लावा, काखेत आणि मानेवर ओले पंचे ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

वरच्या मजल्यावर शक्यतो कुणाला ठेवू नका, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धगधगत असतो. रात्री अकराला मी एक फेरी मारते. कपाळाला हात लावून समजत नाही, म्हणून पाठीखाली हात घालते. अंथरुणाला खिळलेल्यांच्या खाली मेणकापड असतं, ते घाम शोषत नाही. पाठ ओली लागली की कूस बदलायची आणि मेणकापडावर सुती चादरीची नवी दुहेरी घडी घालायची.