राउटिंग लूप होऊ नये म्हणून राउटरवर काय काय बघायचं

राउटिंग लूप म्हणजे पॅकेट मुक्कामाला न पोहोचता राउटरांमध्येच गोल फिरत राहणं. ट्रेसराउट (पॅकेट कोणकोणत्या राउटरवरून जातं ते दाखवणारी कमांड) मारल्यावर तेच दोन आयपी आलटून पालटून येत असतील तर लूप आहे हे नक्की. टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं याची मर्यादा) आहे ना मग काय टेन्शन असं बरेच जण म्हणतात, पण टीटीएल फक्त ते एक पॅकेट मारतं, लूप तसाच राहतो आणि लिंक फुकट भरत राहते.

आधी रिप (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा एक प्रोटोकॉल) बघू, कारण तिथे सगळा कारभार ऐकीव माहितीवर चालतो. ए, बी, सी असे तीन राउटर एका ओळीत आहेत आणि सीच्या मागचं नेटवर्क पडलं. सीने ते सांगायच्या आत बीचा अपडेट आला की मला रस्ता माहितीये, मेट्रिक (वाटेतले टप्पे) 2, मग सी 3 लिहून घेतो, ते ऐकून बी 4 लिहितो, आणि दर 30 सेकंदांच्या अपडेटला हे वाढत वाढत 16 पर्यंत जातं. 16 म्हणजे रस्ता नाही. तोपर्यंत पॅकेट बी आणि सीमध्ये गोल फिरत बसतात.

यावर उपाय स्प्लिट होरायझन, म्हणजे ज्या इंटरफेसवरून रूट कळला त्याच इंटरफेसवरून तो परत सांगायचा नाही. सिस्कोच्या राउटरवर हे बहुतेक ठिकाणी आधीच चालू असतं, तरी शो आयपी इंटरफेस मारून खात्री करा. पॉयझन रिव्हर्स म्हणजे सांगायचंच पण मेट्रिक 16 लावून. पण तीन राउटर त्रिकोणात जोडले असतील तर हे दोन्ही पुरत नाहीत, जुनी बातमी तिसऱ्याकडून फिरून येतेच, म्हणून होल्डडाउन (रूट पडल्यावर काही वेळ त्याबद्दलची नवी बातमी न मानणं) असतो, सिस्कोच्या रिपमध्ये 180 सेकंद. टायमर बदलायचे तर सगळ्या राउटरवर सारखे बदला.

पण खरं सांगायचं तर आता रिप क्वचितच दिसतं, लूप होतात ते दुसरीकडेच. उदाहरणार्थ हेड ऑफिसने 10.20.0.0/16 (10.20 ने सुरू होणारे सगळे पत्ते) चा स्टॅटिक म्हणजे हाताने लिहिलेला रूट ब्रँचकडे टाकलाय, ब्रँचचा डिफॉल्ट रूट (दुसरा रस्ता माहीत नसेल तेव्हाचा) हेड ऑफिसकडे, आणि ब्रँचमध्ये प्रत्यक्षात चारच सबनेट वापरात. न वापरलेल्या पत्त्यावर कोणी पिंग केलं की झाला पिंगपाँग. ब्रँच राउटरवर तो अख्खा /16 नल झिरोकडे (पॅकेट टाकून देणारा नकली इंटरफेस) वळवा, विषय संपला. चालू सबनेटना काही होत नाही, त्यांचे रूट जास्त नेमके असतात.

सगळ्यात डोकेदुखी रिडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात टाकणं. रिप आणि ओएसपीएफ (दुसरा राउटिंग प्रोटोकॉल) दोन राउटरवर एकमेकांत ओतले की रिपचाच रूट पहिल्या राउटरवरून ओएसपीएफमध्ये जातो, दुसऱ्याला तिकडून मिळतो, आणि ओएसपीएफचा भरवशाचा आकडा (अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, जितका कमी तितका भरवसा जास्त) 110 हा रिपच्या 120 पेक्षा कमी म्हणून तो तोच खरा मानतो, वर परत रिपमध्ये ढकलतो. म्हणून जाताना रूटला टॅग (ओळखीचा आकडा) लावा आणि परत येताना त्या टॅगला डिनाय करा, दोन्ही राउटरवर, दोन्ही दिशांना. रूट मॅपच्या (हे नियम ज्यात लिहितो ती यादी) शेवटी परमिट टाकायला विसरू नका नाहीतर बाकीचे रूटही गायब. आणि मेन्टेनन्सच्या वेळेत एक लिंक मुद्दाम पाडून ट्रेसराउट मारून बघा, सगळं चालू असताना लूप सहसा दिसत नाही.