मायक्रोबायोलॉजी आणि इम्युनॉलॉजीचा अभ्यास : ‘हे नसतं तर?’ असं विचारत

जिवाणूंची एक यादी, पेशींची दुसरी, सायटोकाइन्सची, म्हणजे पेशी एकमेकींना पाठवतात त्या निरोप्या प्रथिनांची, तिसरी. अशा याद्या पाठ करून पहिली चाचणी निघून जाते. सत्र संपत आलं की मात्र आयएल-४ आणि आयएल-१७ या सायटोकाइन्सची अदलाबदल व्हायला लागते आणि सगळे ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय (ग्रॅम स्टेनने गुलाबी दिसणारे दांडके) सारखेच वाटू लागतात. यात स्मरणशक्तीचा दोष नाही. यादीतल्या दोन ओळींचं एकमेकींशी काही देणंघेणं नसतं, म्हणून त्या निसटतात. हे दोन विषय म्हणजे एकाच झटापटीच्या दोन बाजू आहेत: जंतूकडे एक हत्यार असतं, शरीराकडे त्याला उत्तर असतं आणि त्या उत्तराला चकवायची युक्ती पुन्हा जंतूकडे असते. अभ्यासही त्याच क्रमाने करा. आणि प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न विचारा: हा भाग नसता तर काय बिघडलं असतं?

एक जंतू, एक कागद

दर आठवड्याला एक जंतू निवडा आणि कोऱ्या कागदावर त्याचा प्रवास डावीकडून उजवीकडे काढा. तो कसा दिसतो, कुठून शिरतो, कशाने चिकटतो, शरीरात त्याला आधी कोण ओळखतं, तो कसा निसटतो, नुकसान नेमकं कशामुळे होतं, प्रयोगशाळेत कसा ओळखायचा, औषध किंवा लस कुठे घाव घालते.

सुरुवातीला न्यूमोकॉकस, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए घ्या. ग्रॅम पॉझिटिव्ह (ग्रॅम स्टेनने जांभळे), भाल्याच्या टोकासारखे, जोडीजोडीने दिसणारे कॉकाय, म्हणजे गोलसर जिवाणू. ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या माध्यमावर, कॉलनीभोवती (जिवाणूंच्या ठिपक्याभोवती) हिरवट कडं, म्हणजे अल्फा हिमोलिसिस. ऑप्टोचिन या रसायनाच्या चकतीजवळ तो वाढत नाही आणि पित्तक्षारांत विरघळतो. तोंडात नेहमी राहणारे व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकाय मात्र ऑप्टोचिनला दाद देत नाहीत आणि पित्तक्षारांत विरघळतही नाहीत. इथपर्यंत पाठांतरानेही भागतं. आता कागदाच्या मध्यावर ‘कॅप्सूल’ हा शब्द मोठा लिहा आणि त्यातून बाण काढायला लागा.

ही कॅप्सूल पॉलिसॅकराइडची, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांची. तिच्यामुळे न्यूट्रोफिलला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला, जिवाणू सहज गिळता येत नाही. १९२८ साली ग्रिफिथने उंदरांवर केलेल्या प्रयोगात कॅप्सूल असलेला गुळगुळीत प्रकार उंदीर मारायचा आणि कॅप्सूल नसलेला खडबडीत प्रकार मारायचा नाही, त्यामागचं कारण हेच. दुसरा बाण शरीराच्या उत्तराचा: जिवाणूवर प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आणि कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या प्रथिनसमूहाचा सी३बी हा तुकडा चिकटतो, आणि त्यांना धरून गिळंकृत करणाऱ्या पेशी जिवाणू आत ओढतात. हेच ऑप्सोनायझेशन. तिसरा बाण: असे माखलेले जिवाणू रक्तातून गाळण्याचं मोठं काम प्लीहा, म्हणजे पांथरी करते. म्हणून पांथरी काढलेल्या माणसाला या जिवाणूपासून खास धोका असतो.

चौथा बाण सगळ्यात महत्त्वाचा. नेहमीच्या टी पेशी एमएचसीवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनावर, मांडलेले प्रथिनांचे तुकडे ओळखतात. निव्वळ साखर तिथे मांडता येत नाही, त्यामुळे प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीला टी पेशीची मदत मिळत नाही. प्रतिसाद मुख्यतः आयजीएम या सुरुवातीच्या प्रतिपिंडाचा येतो, स्मृती कच्ची राहते आणि २ वर्षांखालच्या बाळांत तर तो प्रतिसाद फारच क्षीण असतो. पाचवा बाण: तीच साखर प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडली तर? बी पेशी साखर ओळखते, पण आत घेते ती अख्खी जोडी. मग प्रथिनाचे तुकडे एमएचसी क्लास २ वर मांडले जातात, टी पेशी मदतीला येते, आयजीजी हे प्रतिपिंड तयार होतं आणि स्मृती टिकते. कॉन्जुगेट लस ती हीच.

पुढचे जंतू असे निवडा की प्रत्येकाकडून नवं काही हाती लागेल. कॉलऱ्याचा जिवाणू आतड्याच्या पेशीत शिरतही नाही. त्याचं टॉक्सिन पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं आणि पाणी बाहेर पडत राहतं. क्षयाचा जंतू मॅक्रोफेज या गिळंकृत करणाऱ्या पेशीच्या आतच बिऱ्हाड करतो, त्यामुळे प्रतिपिंडं बाहेर ताटकळत राहतात आणि टीएच१ या मदतनीस टी पेशींच्या गॅमा इंटरफेरॉन या सायटोकाइनने त्याच मॅक्रोफेजला चेतवावं लागतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं प्रोटीन ए आयजीजीला शेपटाकडून पकडतं, म्हणजे प्रतिपिंड उलटं चिकटतं आणि निरुपयोगी होतं. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, म्हणून भिंतीवर घाव घालणारं पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही.

ग्रॅम स्टेन: रंगामागचं कारण हातात यायला हवं

स्वच्छ, तेलकट नसलेल्या स्लाइडवर पाण्याचा लहान थेंब घ्या आणि त्यात लूपच्या (टोकाला कडं असलेल्या तारेच्या) टोकाला जेमतेम लागेल एवढीच कॉलनी मिसळा. वाळलेला स्मिअर, म्हणजे हा पातळ थर, नुसता धुरकट दिसावा. छापील मजकुरावर स्लाइड ठेवली तर अक्षरं वाचता यायला हवीत. हवेत पूर्ण वाळू द्या, मग ज्योतीतून २-३ वेळा पटकन फिरवा. हाताच्या पाठीला लावल्यावर सोसेल एवढीच ती गरम हवी. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. आयोडीन १ मिनिट, पाणी. मग स्लाइड तिरपी धरून ९५ टक्के इथेनॉल थेंबाथेंबाने सोडा. जांभळा रंग वाहायचा थांबला की त्याच क्षणी पाणी; याला साधारण १० ते २० सेकंद लागतात. सॅफ्रॅनिन ३० ते ६० सेकंद, पाणी, आणि टिपकागदाने टिपा, पुसू नका. १००× च्या भिंगाखाली तेल घालून बघा.

अल्कोहोलची ती काही सेकंदं म्हणजे या चाचणीचा जीव. व्हायोलेट आणि आयोडीन मिळून पेशीत मोठं संयुग तयार होतं. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूच्या जाड पेप्टिडोग्लायकॅनच्या भिंतीतलं पाणी अल्कोहोलने निघून जातं, जाळी आवळते आणि रंग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं लिपिड पटल विरघळतं आणि पातळ भिंतीतून रंग निसटतो. हे कळलं की चुका स्वतःच सापडतात. सगळंच जांभळं दिसलं तर स्मिअर जाड होता किंवा अल्कोहोल लवकर थांबवलं. सगळंच गुलाबी दिसलं तर अल्कोहोल जास्त झालं किंवा आयोडीन राहून गेलं. एकाच आकाराचे काही दांडके जांभळे आणि काही गुलाबी दिसले, तर कल्चर किती तासांचं आहे ते आधी विचारा: बॅसिलससारख्या जिवाणूंची भिंत कल्चर जुनं झालं की झिजते आणि ते गुलाबी दिसायला लागतात. शक्यतो १८ ते २४ तासांचं कल्चर घ्या. त्याच स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफिलोकॉकस आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलायचा स्मिअर घ्या. ही दोन टोकं बरोबर आली नाहीत, तर मधल्या नमुन्याचा निकाल लिहू नका.

प्लेटवरची कामं

स्ट्रीकिंगमध्ये, म्हणजे प्लेटवर लूपने रेघा ओढून जिवाणू विरळ करताना, सुटी कॉलनी मिळत नाही, तेव्हा बहुतेकदा दोन भागांच्या मध्ये लूप तापवलेला नसतो. पहिल्या भागातून दुसऱ्यात जाताना लूप लाल करा, अगारच्या रिकाम्या कडेला टेकवून थंड करा आणि आधीच्या रेघांना दोन-तीनदाच छेद द्या. तापलेला लूप थेट कॉलनीला लावला तर जिवाणू मरतात आणि पुढच्या तिन्ही भागांत काही येत नाही. अगार साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसला ओता. त्याहून गरम ओतलं तर झाकणाला वाफ धरते आणि तिचे थेंब पडून कॉलन्या एकमेकींत मिसळतात. प्लेट इन्क्युबेटरमध्ये उलटी ठेवायची तीही याचसाठी.

कॉलनी मोजताना ३० ते ३०० च्या दरम्यानची प्लेट धरा. गणितात सगळ्यात जास्त विसरली जाते ती प्लेटवर घातलेली मात्रा. समजा १ : १,००,००० या विरलनातला ०.१ मिली घातला आणि १५० कॉलन्या आल्या. मूळ नमुन्यात दर मिलीमागे १५० × १० × १,००,०००, म्हणजे १५ कोटी कॉलनी-घटक होते. मधला १० राहून गेला की उत्तर थेट दहापट कमी येतं.

मीडिया, म्हणजे जिवाणू वाढवायची माध्यमं, हीही ‘नसतं तर?’ विचारूनच शिका. मॅककॉन्की अगारमधून पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट काढले तर ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूही वाढतील. लॅक्टोज काढला तर ई. कोलायही साल्मोनेलासारखा रंगहीन दिसेल. न्यूट्रल रेड काढला तर आम्ल तयार होईल, पण डोळ्यांना दिसणार नाही. तीन वाक्यांत सिलेक्टिव्ह (काहींनाच वाढू देणारं) आणि डिफरन्शियल (वाढलेल्यांत फरक दाखवणारं) यांतला फरक कायमचा बसतो.

दोन चाचण्यांत फसगत ठरलेली असते. कॅटालेजसाठी (हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून बुडबुडे आणणारं एन्झाइम) ब्लड अगारवरची कॉलनी उचलताना खालचं अगार खरवडलं गेलं, तर लाल रक्तपेशींतल्या कॅटालेजमुळेच बुडबुडे येतात. ऑक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइमसाठी निक्रोमची तार वापरली तर तारेतल्या धातूमुळे खोटा जांभळा रंग येऊ शकतो. लाकडी काडी वापरा.

इम्युनॉलॉजी: एकेक भाग काढून बघा

प्रतिकारसंस्थेची आकृती समोर ठेवा, एक भाग बोटाने झाका आणि रुग्णात काय दिसेल ते लिहा. निसर्गाने हे प्रयोग आधीच करून ठेवले आहेत, म्हणून उत्तर तपासता येतं.

बीटीके हे एन्झाइम झाका. अस्थिमज्जेत बी पेशी परिपक्व होत नाहीत, प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. तरी बाळ पहिले काही महिने ठीक का असतं? वारेतून आलेलं आईचं आयजीजी त्याला राखतं. या आयजीजीचं अर्धायुष्य साधारण ३ आठवडे, म्हणून सहाव्या महिन्याच्या सुमारास साठा संपत येतो आणि तिथून जिवाणूंचे आजार सुरू होतात. आयजीजी वार ओलांडतं, आयजीएम ओलांडत नाही, ही कोरडी ओळ आता वेगळी पाठ करावी लागत नाही.

सीडी४० लिगँड हे टी पेशीवरचं प्रथिन झाका: टी पेशी बी पेशीला ‘वर्ग बदल’ असा इशारा देऊ शकत नाही, आयजीएम भरपूर किंवा ठीकठाक, आयजीजी आणि आयजीए तळाला. एनएडीपीएच ऑक्सिडेज हे न्यूट्रोफिलचं मारक एन्झाइम झाका: न्यूट्रोफिल गिळतो, पण मारू शकत नाही; त्रास देतात ते मुख्यतः कॅटालेज असलेले, म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ॲस्परजिलस. कॉम्प्लिमेंटचे सी५ ते सी९ झाका: पटलाला भोक पाडता येत नाही आणि नायसेरियाचे संसर्ग वारंवार होतात. आरएजी जनुकं झाका: जंतू ओळखणाऱ्या रिसेप्टरच्या व्ही, डी आणि जे या जनुक-तुकड्यांची जुळणी होत नाही, म्हणून बी आणि टी दोन्ही पेशी नाहीत, एनके (नॅचरल किलर) पेशी मात्र आहेत.

एमएचसीचा कुठला वर्ग टी पेशीवरच्या कुठल्या प्रथिनाशी (सीडी४ की सीडी८) जुळतो, यासाठी आठाचा हिशेब सोयीचा: क्लास १ गुणिले सीडी८ म्हणजे ८, क्लास २ गुणिले सीडी४ म्हणजेही ८. पण तेवढ्यावर थांबू नका. विषाणू जवळजवळ कुठल्याही पेशीत शिरू शकतो, म्हणून आतला माल दाखवणारा क्लास १ केंद्रक असलेल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर असतो. बाहेरून गिळलेला माल दाखवून मदत मागायचं काम डेंड्रायटिक, मॅक्रोफेज आणि बी पेशींचं, म्हणून क्लास २ प्रामुख्याने त्यांच्यावर.

एलायझा, म्हणजे रंगावरून प्रतिपिंड ओळखायची चाचणी, हीही अशीच. प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटतं ते), ब्लॉकिंग (रिकामी जागा झाकणं), नमुना, एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंड, टीएमबी (रंग देणारं रसायन), आम्ल. निळ्याचा पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरवर वाचतात. ब्लॉकिंग राहिलं तर प्रतिपिंड रिकाम्या प्लास्टिकला चिकटतं, धुणं आखडतं घेतलं तर सुटं एन्झाइम मागे राहतं, आणि दोन्ही वेळा निगेटिव्ह कंट्रोलही रंगतो. म्हणून निगेटिव्ह कंट्रोलचा खड्डा सगळ्यात आधी बघा.

उजळणीचं वेळापत्रक

तास झाल्यावर २४ तासांच्या आत, वही बंद ठेवून, १० मिनिटांत आठवेल ते सगळं कोऱ्या कागदावर काढा. मग वही उघडा आणि राहिलेलं लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी फक्त लाल भाग पुन्हा काढायचा: तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, एकविसाव्या दिवशी. वाचून झालेल्या ओळींवर पिवळी खूण करत बसलं तर ओळखीचं वाटतं, पण आठवता येत नाही, आणि परीक्षेत आठवावंच लागतं.

कार्डं करायची तर ‘आयएल-४ चं कार्य’ असं लिहू नका. ‘आयएल-४ नसेल तर कुठलं प्रतिपिंड कमी पडेल?’ असं लिहा, उत्तर आयजीई. एका कार्डावर एकच प्रश्न. सलग तीनदा चुकलेलं कार्ड पुन्हा गठ्ठ्यात टाकू नका. ते ज्या जंतूच्या कागदावर येतं तो कागद काढा, बाण कुठे तुटला ते शोधा आणि बाण दुरुस्त करून कार्ड नव्याने लिहा.